मदत हवी आहे: इंग्रजीतील ‘मॉन्गूस’ आपल्या मुंगसाकडून गेला की तेलुगूकडून?

सहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते, म्हणून ‘मॉन्गूस’चे ‘मॉन्गीस’ केले आणि वहीवर लाल फुली पडली. त्या ‘गूस’चा हंसाशी काडीचाही संबंध नाही, तो शब्द आपल्या मुंगसावरून गेलेला आहे, असे मी तिला रुबाबात सांगितले, पण पुरावा शोधायला बसलो, तेव्हा प्रकरण इतके सरळ नसल्याचे लक्षात आले.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ साली लंडनमध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द येतो. १६७०च्या दशकात फ्रायर सुरत आणि मुंबईस होता, कारवारकडे गेला, शिवाय जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या घरी वैद्य म्हणूनही जाऊन आला. तेव्हा हा शब्द त्याने मराठी माणसाच्या तोंडून ऐकला असणे मला तरी सहज शक्य वाटते. उत्तरेतील ‘नेवला’ संस्कृत ‘नकुल’पासून आलेला असल्यामुळे तिकडची वाट बंदच आहे.

अडचण पुढेच आहे. इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द तेलुगू ठरवला आहे आणि दख्खनी व मराठी रूप म्हणून प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांच्या हवाल्याने ‘मंगूस’ दिले आहे. तेलुगूत ‘मुंगिस’ आणि कानडीत ‘मुंगुसि’ असल्याने मूळ द्राविडी असावे, हे मला मान्य आहे. परंतु मी आजवर ‘मुंगूस’च ऐकले आहे. शेताच्या बांधावर ते आडवे गेले की आम्ही मुले ‘मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ असे ओरडत असू, आणि तेही क्षणभर थबकून मागे पाही (शपथेमुळे नव्हे, आमच्या आरड्यामुळे).

म्हणून जाणकारांना विचारतो: कारवार, गोवा, सोलापूर किंवा मराठवाड्याच्या बोलीत पहिल्या अक्षरात उकार नसलेले ‘मंगूस’ कोणी प्रत्यक्ष ऐकले आहे काय? १६९८पूर्वीच्या एखाद्या मराठी पोथीत वा बखरीत ‘मुंगूस’ आढळते काय? फ्रेंच ‘मांगुस्त’मध्येही पहिल्या अक्षरात उकार नाही, त्यामुळे तो मध्ये पोर्तुगिजांच्या तोंडी हरवला असावा, अशी मला शंका आहे, पोर्तुगीज वाचणाऱ्यांनी त्यावर अवश्य लिहावे. बोलीतले रूप कळवताना गावाचे किंवा तालुक्याचे नाव आणि तिथला नेमका उच्चार दिल्यास फार उपयोग होईल.