रविवारी न्याहारी आणि जेवण मिळून एकच बेत: करणाऱ्यालाही बसता येईल असे पदार्थ सुचवा

शनिवारसंध्याकाळ:
नमस्कार. पुढील महिन्यापासून एक रविवार आड माझी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी सकाळी अकराच्या सुमारास आमच्याकडे येणार आहेत. आम्ही दोघे आणि सासरे धरून सहा माणसे होतात. ती वेळ न्याहारीला उशिराची आणि जेवणाला लवकरची असल्यामुळे दोन्हींचे मिळून एकच भरपेट खाणे करावे आणि त्यानंतर संध्याकाळच्या चहापर्यंत कोणालाही गॅस पेटवावा लागू नये, असा विचार आहे. अडचण अशी, की मला सुचणारे बहुतेक पदार्थ तव्यावरून थेट पानात वाढायचे आहेत. डोसे किंवा पराठे केले, की करणारी व्यक्ती ओट्यापाशी आणि बाकीचे गप्पांत, असे होते. आणि बहीण माझ्याशी बोलायला येते, माझी पाठ पाहायला नव्हे.

कांदेपोहे आणि उपमा आठवडाभर होतच असतात, म्हणून ते नकोत. भाचीला तिखट चालत नाही, सासऱ्यांना कवळी आहे. दोन शेगड्यांचा गॅस, कुकर आणि मिक्सर एवढीच साधने आहेत. शनिवारी रात्री तासभर तयारी करण्याची आमची तयारी आहे. माझे यजमान मदतीला असतात, परंतु त्यांचे प्रावीण्य चिरण्यापुरते आहे. कृपया अनुभवाचे पदार्थ सांगावेत.

खलबत्ता:
तुमच्या अटी वाचल्यावर पहिले नाव मिसळीचेच येते, कारण तिचे जवळजवळ सगळे काम आदल्या दिवशी उरकता येते आणि कट तर रात्रभर मुरल्यावर अधिक चांगला लागतो. मात्र मटकीचे वेळापत्रक शनिवारी रात्री सुरू करून चालणार नाही. शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालावी, शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी, म्हणजे रविवारी सकाळपर्यंत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड येतात. सहा जणांना दोन वाट्या कोरडी मटकी पुरते, कारण मोड आल्यावर ती दुपटीहून अधिक होते. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळीच मोड दिसले, तर मटकी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर तिला वास येतो.

कट शनिवारी रात्री करावा. उभा चिरलेला कांदा तेलावर तांबूस होईपर्यंत परतावा, सुके खोबरे वेगळे भाजावे आणि आले-लसणासह हे सगळे अगदी मुलायम वाटावे; वाटण भरड राहिले तर कट चोथापाणी होतो. तेल सढळ घेऊन त्यात आच मंद असतानाच तिखट आणि कांदा-लसूण मसाला घालावा आणि लगेच वाटण टाकावे, म्हणजे मसाला जळत नाही आणि रंग तेलात उतरतो. वाटणाला तेल सुटेपर्यंत परतायचे, एवढेच काय ते उभे राहण्याचे काम. त्यानंतर गरम पाणी आणि मीठ घालून उकळले, की कट झाला.

रविवारी सकाळी मटकी हळद, हिंग आणि मीठ घालून पातेल्यात झाकण ठेवून शिजवावी. कुकरला लावू नये, तिचा गाळ होतो. याच उसळीतून भाचीसाठी वाटीभर बाजूला काढून त्यात किंचित गूळ आणि ओले खोबरे घातले, की तिचा प्रश्न सुटला. फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू टेबलावर मांडून ठेवावे आणि ज्याने त्याने आपापली मिसळ लावून घ्यावी. फरसाण कटात मऊ पडते, त्यामुळे सासऱ्यांनाही त्रास होऊ नये.

भाजणीप्रेमी:
मिसळ चांगली आहे, पण ती बाहेरही मिळते. घरी निवांत बसून खाण्याचा पदार्थ म्हणजे भाजणीचे थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा. घरात भाजणी असेल तर पीठ भिजवायला दहा मिनिटे लागतात. कांदा बारीक चिरून घालावा, मध्ये भोक पाडून तेल सोडावे आणि झाकण ठेवून खरपूस होऊ द्यावे. सोबत दही आणि लिंबाचे गोड लोणचे असल्यावर दुसरे काही लागत नाही.

हिशेबी सुगरण:
भाजणीप्रेमी, थालीपीठाच्या चवीबद्दल वाद नाही, परंतु धागाकर्तीची मूळ अट आपण नजरेआड करत आहात. झाकण ठेवून नीट खरपूस झालेल्या एका थालीपीठाला सहा ते सात मिनिटे लागतात. सहा माणसांना प्रत्येकी दोन धरली तर बारा होतात, म्हणजे एका तव्यावर सुमारे सव्वा तास आणि दोन तव्यांवर जवळजवळ पाऊण तास. तेवढ्या वेळात पहिल्याचे खाऊन झालेले असते आणि करणारी व्यक्ती शेवटी एकटी जेवते. घावन आणि आंबोळी यांनाही हीच अडचण आहे.

त्याच भाजणीचा एका कढईत होणारा पदार्थ मोकळ भाजणी हा आहे आणि तो अलीकडे का मागे पडला आहे, हे मला समजत नाही. सहा जणांसाठी चार वाट्या भाजणी घेऊन तिच्यात मीठ, तिखट आणि थोडे थोडे ताक घालत थालीपीठापेक्षा घट्ट भिजवावी. गोळा बांधता आला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. चार मोठे कांदे चिरून (येथे यजमानांना संधी आहे) मोहरी, हिंग आणि हळदीच्या फोडणीत मऊ होईपर्यंत परतावेत. तेलाला हात आखडू नये, नाहीतर घास घशात अडकतो. मग भिजवलेली भाजणी हाताने फोडून कढईत सोडावी, मंद आचेवर झाकण ठेवावे आणि दर तीन-चार मिनिटांनी उलथन्याने गाठी मोडत मोकळी करावी. पंधरा-वीस मिनिटांत ती दाणेदार होते आणि भाजणीचा खमंग वास घरभर सुटतो. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर घालावी आणि सोबत दही किंवा मठ्ठा द्यावा. झाकून ठेवली तर ती अर्धा तास तरी गरम राहते, त्यामुळे पाहुण्यांना थोडा उशीर झाला तरी चिंता नाही.

भाजणीप्रेमी:
हिशेब मान्य आहे, तरीही मोकळ भाजणीला थालीपीठाच्या कडेचा कुरकुरीतपणा नाही, हे नोंदवून ठेवतो. ज्या रविवारी पाहुणे नसतील त्या रविवारसाठी माझा सल्ला कायम समजावा.

शनिवारसंध्याकाळ:
सर्वांचे आभार. मोकळ भाजणी माझ्या आजेसासूबाई करीत असत असे सासऱ्यांनी सांगितले आणि ते तेवढ्यावरच खूश आहेत. मात्र मिसळ आणि भाजणी दोन्ही पदार्थ तसे दमदार आहेत. उकाड्याच्या दिवसांत चालेल असे काही हलके, आणि एखादा अगदी मऊ पदार्थ सुचवता येईल का?

ओला नारळ:
हलक्यासाठी दडपे पोहे सुचवते. हे कांदेपोह्यांचे भाऊबंद असले तरी चवीने अगदी निराळे आहेत आणि त्यांना फोडणीपुरताच गॅस लागतो. सहा वाट्या पातळ पोहे घ्यावेत आणि ते अजिबात धुऊ नयेत. बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, दीड वाटी ओले खोबरे, मीठ, साखर आणि लिंबाचा रस हे आधी एकत्र कालवून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे त्याला पाणी सुटते. पोहे त्यातच कालवावेत आणि कोरडे वाटले तर नारळाच्या पाण्याचा हबका द्यावा. वर ताटली आणि ताटलीवर पाण्याचा तांब्या ठेवून वीस मिनिटे दडपून ठेवावेत. शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी वाढण्याच्या वेळी घालावी; भाचीचा वाटा त्याआधी काढून ठेवता येतो. पोह्यांचा पापड भाजून वर चुरावा, मात्र सासऱ्यांच्या बशीत तो आणि शेंगदाणे दोन्ही टाळावेत. जाड पोह्यांनी हा पदार्थ होत नाही, ते कच्चे राहतात.

मऊ पदार्थ म्हणाल तर तांदळाची उकड. एक वाटी तांदळाच्या पिठाला दोन वाट्या आंबट ताक आणि एक वाटी पाणी, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. पीठ ताकात गुठळी न राहता कालवून ठेवावे. वेळेवर लसूण, मिरची, हिंग आणि मोहरीची फोडणी करून त्यात हे मिश्रण ओतावे, घट्ट होईपर्यंत सतत ढवळावे आणि सात-आठ मिनिटे वाफ द्यावी. वर कच्चे तेल किंवा साजूक तूप घेतात. उकड थांबवून ठेवता येत नाही, गार झाली की तिचा गोळा होतो, म्हणून सगळे बसल्यावरच करायला घ्यावी. सहा जणांचा मुख्य पदार्थ म्हणून मी ती करणार नाही, पण सासऱ्यांपुरती वाटीभर सहज होईल.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात सकाळची भूक भाजी-पावाने भागते आणि तीच तुमच्या बेतात बसते. पांढरे वाटाणे शनिवारी रात्री भिजत घालावेत आणि सकाळी बटाट्याच्या फोडींसह कुकरमध्ये मऊ शिजवावेत. ओले खोबरे, धणे, सुक्या मिरच्या आणि थोडी चिंच यांचे वाटण लावून पातळसर रस ठेवावा. येथे पोदेर सकाळी सायकलवरून पाव घेऊन दारात येतो आणि आम्ही या भाजीबरोबर कोंड्याच्या पिठाची पोकळ पोई आवडीने खातो; तुमच्याकडे साधे पाव चालतील. मिरच्या कमी केल्या तर लहान मुलेही ही भाजी खातात आणि पाव रसात बुडवून खाल्ल्यास कवळीचाही प्रश्न येत नाही.

टेम्सकाठ:
थंड प्रदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी एक पुरवणी. आमच्याकडे लंडनमध्ये हिवाळ्यात मटकीला फडक्यात दोन दोन दिवस मोड येत नाहीत. ओव्हन बंद ठेवून त्यातला फक्त दिवा लावावा आणि मटकीची पुरचुंडी आत ठेवावी, म्हणजे रात्रभरात काम होते. दडप्या पोह्यांना गोठवलेले खोवलेले खोबरे चालते, पण ते आधी पूर्ण सुटू द्यावे.

चुरमुरा:
मराठवाड्याकडचा सुशीला कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळावेत, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतावेत आणि वरून डाळ्याचे कूट घालावे. दहा मिनिटांत होतो. भरपेट नाही, पण एखाद्या रसदार पदार्थाला जोड म्हणून उत्तम.

शनिवारसंध्याकाळ:
पहिल्या रविवारी मिसळ, शिकरण आणि मठ्ठा असा बेत ठरला आहे. शिकरणाची केळी काळी पडू नयेत म्हणून ती ऐन वेळी भाची आणि तिचे वडील मिळून चिरणार आहेत. आंब्याच्या दिवसांत शिकरणाची जागा आमरस घेईल. त्यापुढच्या खेपेला मोकळ भाजणी करीन. आता एकच शंका उरली आहे: रविवारी आमच्या बेकरीत पाव उशिरा येतात, म्हणून ते शनिवारी संध्याकाळीच आणावे लागतील. ते मऊ कसे ठेवावेत, आणि रात्री केलेला कट सकाळी घट्ट झाला तर काय करावे?

खलबत्ता:
पावांची लादी सुटी करू नये, फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावी; फ्रिजमध्ये पाव लवकर कडक होतात. वाढण्याआधी अख्खी लादी मंद आचेवरील तव्यावर ठेवावी, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी शिंपडून वर खोलगट झाकण घालावे आणि दोन-तीन मिनिटांनी उतरवावी. कट घट्ट होणारच, कारण खोबरे रात्रभर पाणी ओढते. त्यात उकळते पाणी घालून एकच चांगली उकळी आणावी, वर आलेली तर्री पळीने वाटीत काढून वेगळी ठेवावी आणि ज्याला तिखट हवे त्याने ती वरून घ्यावी. मीठ मात्र पाणी वाढवल्यावर पुन्हा चाखून पाहावे.