मदत हवी आहे: बेंगल्सची ऑफेन्सिव्ह लाइन खरंच सुधारली, की झाकली गेली?

डेटनवासी

नमस्कार मंडळी. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) च्या २०२२ च्या सीझनमधला सिनसिनाटी बेंगल्सचा हा बाय वीक, म्हणजे सामना नाही. नऊ सामने झाले, पाच जिंकले, चार गमावले. पुढचा सामना २० नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये. अर्धा सीझन हातात आहे म्हणून लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वाचवणाऱ्या पुढच्या पाच जणांचा, नीट हिशोब मांडायला बसले आणि अडकले. इथे एनएफएल बारकाईने बघणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझा मुलगा शाळेच्या संघात लेफ्ट गार्ड खेळतो (लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल). त्यामुळे आमच्या घरात सामना बघताना नजर चेंडूवर कमी आणि पुढच्या पाच जणांवर जास्त असते.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२० मध्ये आमचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात गेला, तो त्याचा पहिलाच सीझन होता. २०२१ मध्ये तो परतला आणि साखळी सामन्यांत ५१ वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पकडून पाडला गेला), लीगमध्ये सगळ्यांत जास्त. प्लेऑफमध्ये आणखी १९. टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात ९ सॅक खाऊनही संघ १९-१६ जिंकला, आणि सुपर बोलमध्ये रॅम्सकडून ७ सॅक खाऊन २०-२३ हरला. चौथ्या डाऊनला (चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) अ‍ॅरन डॉनल्डने बरोला धरून फिरवलं आणि सगळं संपलं, ते दृश्य इकडे कोणीही विसरलेलं नाही.

मग उन्हाळ्यात लाइनच बदलली. राइट गार्ड अ‍ॅलेक्स कॅपा टँपा बेहून आला (४ वर्षं, ३.५ कोटी डॉलर), सेंटर टेड कॅरस न्यू इंग्लंडहून (३ वर्षं, १.८ कोटी डॉलर), राइट टॅकल लाएल कॉलिन्सला डॅलसने सोडल्यावर इथे घेतलं. लेफ्ट गार्डच्या जागी चौथ्या फेरीत निवडलेला कॉर्डेल व्हॉल्सन, नॉर्थ डकोटा स्टेटचा. जुना एकच राहिला, लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स. पाचांत चार नवे.

आणि पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गने ७ सॅक काढले, दुसऱ्यात डॅलसने ६. दोन सामन्यांत १३, दोन्ही तीन-तीन गुणांनी हरले. त्यानंतरच्या सात सामन्यांत सॅकचा वेग निम्म्याहून खाली आला. मुलगा म्हणतो, पाच जण आता एकमेकांना ओळखायला लागलेत, लाइन जमली. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. कारण न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यापासून संघ जवळजवळ सतत शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही पावलं मागे) उभा राहतोय, चेंडू लवकर सुटतोय, धावायचे डावही वेगळे आहेत. मग सॅक घटले ते पाच जणांमुळे, की खेळ बदलल्यामुळे? आणि ३१ ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये पुन्हा ५ सॅक झाले, १३-३२ असे हरलो. सुधारली असेल तर हे कसं?

थोडक्यात, लाइनची कामगिरी प्रशिक्षकाच्या आखणीपासून आणि क्वार्टरबॅकच्या सवयींपासून वेगळी काढून कशी मोजायची? कुठले आकडे बघू, कुठले सोडून देऊ? आणि सामना परत बघताना नेमकं कशावर लक्ष ठेवू?

निळी_जर्सी

प्रश्न योग्य जागी अडलाय. आधी सॅकचा आकडा बाजूला ठेवा. सॅक हा दोघांचा मिळून आकडा असतो आणि त्यात क्वार्टरबॅकचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच मोठा आहे. बरो चेंडू धरून ठेवतो, खेळ लांबवतो, त्यातून मोठे पास निघतात आणि सॅकही निघतात. त्याच्या जागी चटकन चेंडू सोडणारा कोणी असता तर २०२१ च्या त्याच लाइनमागे ५१ झाले नसते. म्हणून सॅकऐवजी प्रेशर बघा, म्हणजे किती पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर दबाव आला. आणि दबावाच्या किती टक्के वेळा सॅक झाला, हा आकडा बघा. पहिला आकडा बराचसा लाइनचा, दुसरा बराचसा क्वार्टरबॅकचा.

दुसरं, ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट. खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमधल्या चिपवरून तो काढतात. ब्लॉकरने अडीच सेकंद किंवा जास्त वेळ आपला माणूस रोखला तर तो जिंकला. अडीच सेकंदांनंतर बरोने काय केलं याचा त्यात हिशोबच नाही, म्हणून तुमच्या प्रश्नासाठी तो चांगला. पण एक मेख आहे. चेंडू दीड सेकंदात सुटला तर ब्लॉकरची खरी परीक्षा होतच नाही. संघ झटपट पास खेळायला लागला की असे डाव वाढतात आणि लाइनचे आकडे आपोआप बरे दिसतात. म्हणजे तुमची शंका आकड्यांच्या आतही शिरते. त्यामुळे सोबत चेंडू सोडायला लागलेला सरासरी वेळ ठेवा. वेळ तेवढाच राहून दबाव घटला असेल तर श्रेय लाइनचं. दोन्ही एकदम घटले असतील तर अजून काही सिद्ध झालेलं नाही.

पीएफएफ या विश्लेषण कंपनीचे गुण बघायला हरकत नाही, पण ते माणसांनी फिल्म बघून दिलेले असतात आणि कुणाचा ब्लॉक कोणाकडे होता हे संघाबाहेरच्या माणसाला दर वेळी कळत नाही. एका सामन्याच्या गुणावर भांडू नका. नऊ सामन्यांची दिशा बघा.

रात्रपाळी

नाशिकहून बघतो. क्लीव्हलंडचा सामना इथे मंगळवारी पहाटे पावणेसहाला होता, पूर्ण बघितला. त्या ५ सॅकवर लगेच निकाल देऊ नका. आपला मुख्य रिसीव्हर जामार चेस नितंबाच्या दुखापतीने बाहेर होता. हाफटाइमला ०-११. मागे पडलेला संघ पासच करणार हे समोरच्याला ठाऊक, आणि समोर माइल्स गॅरेटसारखा क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. अशा वेळी कोणतीही लाइन वाईट दिसते. उलटही तितकंच खरं. अटलांटाला ३५-१७ हरवलं तेव्हा बरोने ४८१ यार्ड मारले, पण अटलांटाने २०२१ मध्ये अख्ख्या सीझनमध्ये १८ सॅक काढले होते, लीगमध्ये सगळ्यांत कमी. पास रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणं, हे त्यांचं बलस्थान नाहीच. प्रतिस्पर्धी कोण होता हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

जुना_सेंटर

मी इथे कॉलेजात असताना सेंटर खेळलोय, आता मुलांना शिकवतो. ताई, आकडे झाल्यावर फिल्मकडे या, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाच चांगले ब्लॉकर म्हणजे चांगली लाइन होत नाही. समोरचे दोघे स्टंट करतात, म्हणजे एक आत घुसतो आणि दुसरा त्याच्या मागून वळसा घालून येतो, तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापली माणसं एकमेकांच्या हवाली करायची असतात. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांपैकी एक जण क्षणभर आधी निघाला तर चढाईवाला मधून सुटतो, तसंच हे. हे सराव सामन्यांत आणि कॅम्पमध्ये घोटून घोटून येतं. यंदा ते झालंच नाही. कॉलिन्स पाठीच्या दुखण्याने कॅम्पचा बराच काळ बाहेर, बरोचं जुलैच्या शेवटी अपेंडिक्सचं ऑपरेशन, मुख्य खेळाडू प्रीसीझनमध्ये जवळपास उतरलेच नाहीत, आणि व्हॉल्सनला जागा मिळाली ती ऑगस्टमध्ये. पहिल्या सामन्यात टी. जे. वॉट समोर आणि दुसऱ्यात माइका पार्सन्स, दोघेही क्वार्टरबॅकवर धावून जाण्यात तरबेज. ते १३ सॅक मला धक्कादायक वाटले नाहीत.

मात्र नऊच्या नऊ सामन्यांना तेच पाच जण सुरुवातीला उतरलेत. बाल्टिमोरविरुद्ध विल्यम्सची गुडघ्याची वाटी सरकली, तरी पुढच्या सामन्यात तो उभा होता. एवढं सातत्य एनएफएलमध्ये फार कमी लाइनना मिळतं, म्हणून तुमच्या मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

आता खेळ बदलण्याबद्दल. सुरुवातीला बेंगल्स सेंटरच्या मागे चिकटून उभे राहिले की बहुतेक धाव, आणि शॉटगन म्हणजे बहुतेक पास. समोरच्याला स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे देतो त्याच्या) आधीच अंदाज येत होता, मग तो बिनधास्त क्वार्टरबॅकवर धावून जाई. शॉटगनमधूनच धाव आणि पास दोन्ही यायला लागल्यावर तो अंदाज गेला. यात लाइनची ताकद वाढली नाही, तिचं काम सोपं झालं. आणि काम सोपं करून देणं हे प्रशिक्षकाचं कर्तव्यच आहे, त्याला झाकाझाकी म्हणू नका असं मला मनापासून वाटतं.

पण तुम्हाला फक्त लाइन मोजायची आहे ना? मग ज्या डावांत आखणी काही लपवू शकत नाही तेवढेच वेगळे काढा. तिसरा डाऊन आणि सात किंवा जास्त यार्ड बाकी. हाफ संपायच्या आधीची दोन मिनिटं. चौथ्या क्वार्टरमध्ये नऊपेक्षा जास्त गुणांनी मागे. पास येणार हे सगळ्यांना माहीत, समोरचे कान टवकारून बसलेले. त्या डावांत पाच जण कसे उभे राहिले, तेवढंच बघा. पहिल्या चार सामन्यांतले असे डाव आणि नंतरच्या पाचांतले असे डाव शेजारी ठेवा.

प्रत्येक दबावाला पुढच्या गोष्टी टिपा: किती जण धावून आले, अडवायला किती होते, आधी कोण हरला, आणि स्नॅपपासून किती वेळात. सहा आले आणि अडवायला पाचच असतील तर मोकळा सुटलेला सहावा लाइनच्या खात्यात टाकू नका. तो ओळखून चेंडू आधी सोडणं ही बरोची जबाबदारी. चार जण आले, पाच अडवायला होते आणि तरी दोन सेकंदांत कोणी आत पोचला, तर तो दोष निखळ लाइनचा. साडेतीन सेकंदांनंतर आलेला दबावही लाइनवर लिहू नका, तेवढा वेळ जगातली कुठलीच लाइन खात्रीने देत नाही.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यात हे दिसणार नाही. एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत प्रशिक्षकांची फिल्म मिळते, त्यातला मागून घेतलेला कोन वापरा. प्रत्येक डाव पाच वेळा बघायचा, दर वेळी एकच माणूस. वेळखाऊ आहे, पण तुमच्या मुलाला यातून जे शिकायला मिळेल ते दुसरीकडे मिळणार नाही. त्याला व्हॉल्सनचे पाय बघायला सांगा, हात नंतर.

निळी_जर्सी

वरच्याला पूर्ण अनुमोदन. धावण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून एवढंच: चेंडू घेऊन धावणाऱ्या मिक्सनच्या सरासरी यार्डांवरून लाइनला गुण देऊ नका. अ‍ॅडजस्टेड लाइन यार्ड्स हा आकडा बघा. त्यात मागे ढकललं गेलं तर लाइनवर १२० टक्के भार, पहिल्या चार यार्डांचं पूर्ण श्रेय लाइनला, पाच ते दहा यार्डांचं निम्मं, आणि त्यापुढचं शून्य, कारण तिथून पुढे पळणाऱ्याचं कसब. कॅरोलायनाविरुद्ध मिक्सनने १५३ यार्ड आणि धावून चार टचडाऊन केले, पाचवा पास घेऊन. त्या सामन्यात लाइन खरोखर चांगली होती असं मला वाटतं, पण एका सामन्याने सरासरी फुगते. तो सामना धरून आणि वगळून, दोन्ही हिशोब करा.

रात्रपाळी

कॅन्सस सिटीचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टँपा बेने त्यांना ३१-९ हरवलं, कारण दोन्ही टॅकल जखमी होते आणि त्यांच्या क्वार्टरबॅक माहोम्सला श्वास घ्यायला जागा नव्हती. त्यांनी अख्खी लाइन बदलली, थूनी, ब्राउन, हम्फ्री, स्मिथ. तरी २०२१ ची सुरुवात ३ विजय, ४ पराभव अशी झाली होती. सगळा दोष लाइनचा नव्हता, पण नवी लाइन बसायला अर्धा सीझन देणं वाजवी आहे.

डेटनवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर मदत मिळेल असं वाटलं नव्हतं.

जुना_सेंटर, तुमची विभागणी पटली आणि तीच धरतेय. झाकाझाकीबद्दलही पटलं, प्रश्न आता असा मांडते: आखणीचा आधार नसतो तेव्हा हे पाच जण किती उभे राहतात? मुलाने वहीत रकाने आखलेत: सामना, डाऊन, बाकी यार्ड, आले किती, अडवायला किती, आधी कोण हरला, किती सेकंदांत. प्रतिस्पर्ध्याचा रकाना रात्रपाळींच्या सांगण्यावरून वाढवला. आम्ही सुरुवात क्लीव्हलंडपासून करतोय, कारण तिथे असे डाव सगळ्यांत जास्त सापडतील.

दोन शंका उरल्यात. एक, व्हॉल्सन आणि विल्यम्स यांच्या मधून कोणी सुटला तर दोष कोणाचा हे बाहेरून कसं ठरवायचं?

जुना_सेंटर

बहुतेक वेळा दोघांची पहिली पावलं सांगतात. दोघेही एकाच बाजूला सरकले तर तो सरकता ब्लॉक आहे. त्यात माणूस ठरलेला नसतो, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, मग ज्याच्या जागेतून घुसला त्याचा दोष. दोघे सरळ मागे गेले तर प्रत्येकाचा माणूस ठरलेला. आणि पावलांवरूनही कळलं नाही तर त्या डावासमोर ‘अनिश्चित’ लिहा आणि पुढे जा. असे डाव प्रत्येक सामन्यात दोन-चार निघणारच, त्यांना ओढून ताणून कोणाच्या खात्यात टाकलंत तर बाकीचा हिशोबही बिघडेल.

डेटनवासी

हे फार उपयोगी, वहीत ‘अनिश्चित’चा रकाना टाकला. दुसरी शंका पिट्सबर्गची. वॉट पहिल्याच सामन्यात छातीच्या स्नायूच्या दुखापतीने गेला होता, तो आज सेंट्सविरुद्ध परतला. म्हणजे २० तारखेला समोर तोच संघ, तोच वॉट, आणि आपले तेच पाच जण. दोन सामन्यांची थेट तुलना करता येईल असा योग क्वचित येतो. त्यासाठी पहिल्या सामन्यातले ठरलेल्या पासचे डाव आधीच मोजून ठेवायचेत, ते आम्ही या आठवड्यात करतो. बाल्टिमोरचा सामना कोणी वाटून घेईल का? विल्यम्सचा गुडघा दुखावण्याआधीचे आणि नंतरचे डाव वेगळे मोजावे लागतील. रकाने वर दिलेत तेच ठेवा, म्हणजे जोडताना अडचण येणार नाही.

रात्रपाळी

बाल्टिमोर माझ्याकडे. शनिवारपर्यंत टाकतो.