एकच बायोडाटा सगळीकडे देतेय, फोन येत नाही. काय बदलू? (नाशिक, स्टोअर्सचा अनुभव)

सिडकोतली_ताई

नमस्कार. वय ३८, बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून. अंबड एमआयडीसीत प्रेस पार्ट्सच्या एका कारखान्यात २०१३ ते २०२१ स्टोअर्सला होते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून सोडलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा आता आठवीत आहे आणि मला मनापासून परत कामाला लागायचंय.

चार महिन्यांत पन्नासेक ठिकाणी बायोडाटा दिला. अंबड, सातपूर, दोन गोंद्याला, एक सिन्नरला. फोन आले दोन. एकाने आधीचा पगार विचारून ठेवून दिला, दुसरा म्हणाला कॉल सेंटरला चालेल का. एका गेटवर वॉचमनने माझ्यासमोरच कागद ड्रॉवरमध्ये टाकला, आत आधीचा गठ्ठा होताच.

बायोडाटा पवननगरच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतलेला, त्यातच भर घालत आले. वर ऑब्जेक्टिव्ह, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, मग दहावीपासूनचे टक्के, एमएससीआयटी, टायपिंग ३०. शेवटी अनुभव: ‘स्टोअर असिस्टंट, ८ वर्षे, स्टोअरचे सर्व काम’. मुद्दाम जनरल ठेवलाय, म्हणजे स्टोअर, ऑफिस, अकाउंट, डिस्पॅच कशालाही चालेल. भाची म्हणते प्रत्येक कंपनीला वेगळा कर. पन्नास वेगळे कसे करणार? आणि चार वर्षांच्या गॅपचं काय? एकजण म्हणाला, तारखा पुढे ओढ, कोण बघतंय.

सातपूर_पर्सोनेल_निवृत्त

ताई, तारखा अजिबात ओढू नका. पीएफचा यूएएन, म्हणजे आपला कायमचा खाते नंबर, असतो ना, त्यात कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत सगळं दिसतं, आणि रुजू होताना तो नंबर मागतातच. खोटं तिथे सापडलं की हातातली नोकरी जाते, मी स्वतः तशी पत्रं टाइप केली आहेत. सरळ एक ओळ लिहा: ‘२०२१ ते २०२५, घरातील दीर्घ आजारपणामुळे खंड, आता पूर्णवेळ उपलब्ध’. यात लाजण्यासारखं काही नाही. त्याआधी पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख भरलेली आहे का बघून घ्या. राहिली असेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती आपली आपल्याला ऑनलाइन भरता येते.

आता मुख्य गोष्ट. मी सव्वीस वर्षं बायोडाटे चाळले. पहिल्या फेरीत वाचत कोणीच नाही. पानाच्या वरच्या चार बोटांत जे दिसतं त्यावर कागद डावीकडे जातो की उजवीकडे ते ठरतं. तुमच्या वरच्या चार बोटांत रक्तगट आहे. आणि मला सगळ्यात खटकलं ते ‘स्टोअरचे सर्व काम’. आठ वर्षांची मेहनत तीन शब्दांत पुरून टाकलीत.

एक विचारतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा तुम्ही स्टोअरलाच होतात. शिल्लक माल मोजून प्रत्येक आयटमला एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, कोणी टाकला? २०१८ ला माल गाडीने न्यायला ई-वे बिल आलं, गाडी गेटवर उभी आणि बिल निघेना, तेव्हा कॉम्प्युटरसमोर कोण बसलं होतं? प्रेस पार्ट्स म्हणजे प्लेटिंगला, धातूचा मुलामा द्यायला, माल बाहेर जाणारच. अशा जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो विकला असं धरून कर लागतो. ती चलनं जुळवायचं काम कोणाकडे होतं? हे सगळं तुम्ही केलं असणार, आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नाही.

जनरल बायोडाटा असू द्या, पण तो तुमच्या घरच्या फाइलीत. आठवेल ते सगळं त्यात लिहा, तीन पानं झाली तरी चालतील. त्यातून दोनच कापा, एक स्टोअर्सचा आणि एक डिस्पॅच-बिलिंगचा. पन्नास नकोत. जाहिरात बघून वरच्या चार ओळी फिरवायच्या, तेवढंच. अकाउंटचा नाद तूर्त सोडा, ते काम तुम्ही केलेलं नाही आणि इंटरव्ह्यूत पहिल्याच प्रश्नाला कळेल. ऑब्जेक्टिव्ह, उंची, रक्तगट, वडिलांचं नाव काढा. टक्केसुद्धा काढा. बी.कॉम. आणि वर्ष पुरे.

गोंदे_डिस्पॅच

काकांशी सहमत, फक्त एमएससीआयटी आणि टायपिंग काढू नका. आमच्याकडे स्टोअरला एंट्री करणारं माणूस लागतं आणि साहेब ते आवर्जून विचारतात. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते नावानिशी लिहा.

कागदाचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपला पाठवत असाल तर ते थांबवा. नोकरीच्या पोर्टलवर शब्द टाकून शोधतात. फोटोतलं ‘स्टोअर’ तिथे सापडेलच असं नाही. वर्डमधून पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव आणि ‘स्टोअर्स’ असं नाव द्या. माझ्या फोनमध्ये ‘न्यू बायोडाटा’ नावाच्या अकरा फाइली पडल्यात, कोणती कोणाची कळत नाही.

घर नंबरासह पूर्ण पत्ता नको, आधार नंबर तर नकोच. ‘सिडको, नाशिक’ पुरे, पण त्यापुढे ‘गोंदे, सिन्नर येथे कंपनी बसने येण्यास तयार’ हे जरूर लिहा. लांबून येणारी बाई टिकेल का, ही शंका आमच्या इथे नेहमी निघते. ती तिथेच मिटते.

सिडकोतली_ताई

काल रात्री मुलगा झोपल्यावर जुन्या डायऱ्या काढल्या. काका, तुम्ही लिहिलंत तेव्हा तीस जूनची रात्र जशीच्या तशी आठवली. पाऊस, लाइट गेलेली, मी आणि एक हेल्पर मुलगा टॉर्च धरून रॅकवरचे बोल्ट मोजतोय. तीन रात्री लागल्या. आमच्याकडे चौदाशेच्या आसपास आयटम होते, हे मी विसरूनच गेले होते.

वरच्या ओळी अशा केल्यात, इंग्रजीत भाची करून देणार आहे:

‘स्टोअर्समध्ये ८ वर्षे, ऑटो प्रेस पार्ट्स, सुमारे १,४०० आयटम. रोज २५ ते ३० जीआरएन (आलेल्या मालाच्या पावत्या), टॅलीमध्ये एंट्री. २०१७ मध्ये जीएसटीसाठी सर्व आयटमना एचएसएन कोड लावण्यात मदत. प्लेटिंगला जाणाऱ्या मालाची चलने जुळवण्यात मदत. वार्षिक स्टॉक मोजणीत सहभाग.’

ठीक आहे का?

सातपूर_पर्सोनेल_निवृत्त

आकडे आले, आता हा कागद बोलायला लागला. पण ‘मदत’ दोनदा आलंय आणि शेवटी ‘सहभाग’. टॉर्च तुमच्या हातात होता ना? मग कोड ‘लावले’, चलने ‘जुळवली’, मोजणी ‘केली’. बायकांच्या बायोडाट्यात हा ‘मदत’ शब्द मी फार वेळा पाहिलाय आणि दर वेळी वाईट वाटलं. अकाउंटवाल्याने खरंच केलं असेल तेवढंच त्याच्या नावावर सोडा.

दुसरं, मोजणीत फरक किती यायचा? पहिल्या वर्षीचा आणि शेवटच्या वर्षीचा आकडा डायरीत सापडला तर तो दुसऱ्या ओळीत घ्या. स्टोअरच्या माणसाला साहेब पहिला तोच प्रश्न विचारतो.

सिडकोतली_ताई

सापडला. २०१४ ला ६३ आयटममध्ये फरक होता, २०२० ला ९. तीन शब्द बदलले, हा आकडा वर घेतला. सकाळी गोंद्याच्या त्याच दोन कंपन्यांना पुन्हा पाठवते, या वेळी पीडीएफ.