सोसायटीच्या ग्रुपवर: रेडिओ अर्ध्या तासाने घोगरा होतो, कोणाला कळेल का?

बी-३०२: नमस्कार मंडळी, आजोबांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ आहे, लावला की पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर अगदी स्वच्छ लागतं पण २५-३० मिनिटांनी आवाज घोगरा होत जातो आणि आउटपुटचा ईएल८४ (स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह) आतून लाल व्हायला लागतो, बंद करून तासाभराने लावला की परत ठणठणीत. एका दुकानात व्हॉल्व्ह बदलून आणला, नवापण तसाच लाल. आईला सकाळी हाच लागतो हो, दुसरा आणून दिला त्याला ती हातसुद्धा लावत नाही

ए-१०४: फिल्टर कंडेन्सर (आतला डीसी सप्लाय स्थिर ठेवणारे) सुकले असतील

सी-५०१: तसं असतं तर लावल्यापासूनच घूं आवाज आला असता. हे तापल्यावर होतंय आणि नवा व्हॉल्व्हपण लाल होतोय म्हणजे ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी) कुठून तरी प्लस व्होल्ट येतंय. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून (जिथे जास्त व्होल्ट असतात) ग्रिडला ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो ना, तो लीक असणार बघ

बी-३०२: काका तो काढून मीटरवर पाहिला, ओके दाखवतो

सी-५०१: दाखवणारच की रे, मीटर एकदोन व्होल्टवर तपासतं, सेटमधे त्याच्यावर शंभराच्या आसपास व्होल्ट असतात आणि वर तो गरम झालेला असतो. सेट चालू ठेवून ग्रिड ते चासी (सेटचा पत्र्याचा सांगाडा) व्होल्ट बघ, थंड असताना आणि मग दर ५ मिनिटांनी, शून्यच राहायला पाहिजे. एक हात खिशात ठेवायचा, आत अडीचशे व्होल्ट डीसी आहे, बंद केल्यावरही फिल्टरमधे चार्ज राहतो. लाल दिसला की ताबडतोब बंद कर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा शोधत बसावं लागेल

बी-३०२: काका!! थंड ०, १५ मिनिटांनी २, २५ ला ९ व्होल्ट आणि चढतंच होतं, मग बंद केला

सी-५०१: सापडला. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, ०.०१ चा ६३० व्होल्टचा माग, कमी व्होल्टचा दिला तर घेऊ नकोस. ईएल८४ च्या कॅथोडचा (व्हॉल्व्हमधला सगळा करंट जिथून जातो ते टोक) रेझिस्टरपण मोज, इतके दिवस जास्त करंट गेलाय त्यातून

बी-३०२: रेझिस्टरपण भाजला होता, दोन्ही बदलले. आज सकाळपासून तीन तास चालूये, ग्रिड शून्य, आवाज जसाच्या तसा. आई म्हणते काकांना संध्याकाळी चहाला बोलव, याल ना?

सी-५०१: येतो. मागचं झाकण लावू नकोस अजून, बाकीचे मेणाचे (जुने, मेणकागदाचे) कंडेन्सर पण एकदा बघून घेऊ