मदत हवी आहे: दिवा हाती येण्याआधीची फ्लॉरेन्स

नमस्कार मंडळी. १२ मेच्या परिचारिका दिनासाठी नर्सिंगच्या मुलींचं एकपात्री बसवतेय. क्रिमियाच्या युद्धात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना पाठ आहे, मला त्याआधीची हवीय. श्रीमंत घर, १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात हजेरी, मग नुसत्या मेजवान्या आणि भेटीगाठी. दिवाणखान्यात बसून दुसऱ्याचं वाचन ऐकत राहणं म्हणजे हात बांधून घशात काहीतरी ओतून घेणं, असं तिला वाटे! १८४९ मध्ये तिने चांगलं स्थळही नाकारलं. ही घुसमट मुलींपर्यंत पोचलीच पाहिजे.

तेव्हाच्या उच्चभ्रू इंग्रज घरातल्या अविवाहित मुलीच्या दिनक्रमावर मराठीत काही वाचलंय का कुणी? आणि त्या काळचा घेरदार झगा पुण्यात भाड्याने कुठे मिळेल?