दोमिए: नुसता व्यंगचित्रकार?

ओनोरे दोमिए या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराला एका प्रतिसादात कुणीतरी 'नुसता व्यंगचित्रकार' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याच्यावरच्या व्यंगचित्रापायी १८३२ मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं, हे खरंच. पण त्याचं १८३४ चं 'र्‍यू ट्रान्सनोनॅं' (हे पॅरिसमधल्या एका रस्त्याचं नाव) हे शिळाछापाचं, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र नीट बघा. पॅरिसमधल्या उठावाच्या वेळी सैनिकांनी एका इमारतीत शिरून रहिवाशांना ठार मारलं, तो हा प्रसंग. चित्रात एकही सैनिक नाही. पलंगाला टेकून पडलेला, अंगात झोपायचा सदरा असलेला माणूस आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेलं मूल. यात व्यंग कुठे आहे? दगडावर तेलकट खडूने काढलेल्या त्या करड्या-काळ्या छटांमध्ये तो पांढरा सदरा उठून दिसतो, आणि नजर तिथून हलत नाही. पोलिसांनी या चित्राच्या मिळतील त्या प्रती जप्त केल्या होत्या.

त्याच्या तैलचित्रांचं मोठं प्रदर्शन व्हायला मात्र १८७८ उजाडलं, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. 'थर्ड क्लासचा डबा' जरूर बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली आवृत्ती अर्धवट राहिलेली आहे. रेखाटन मोठं करण्यासाठी आखलेले चौकोन रंगाखालून अजून दिसतात.