विज्ञानकथेतील अँड्रॉइडच्या भावना खऱ्या मानाव्यात का?

धागाकर्ता, राजारामपुरी

जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्या वाचकमंडळात विज्ञानकथेचा विषय निघाला की 'वामन परत न आला'मधील वामन या यंत्रमानवाबद्दल कोणीतरी आवर्जून बोलतेच. गेल्या बैठकीत बोलणे त्याच्या बुद्धीवरून भावनांकडे वळले आणि एका ज्येष्ठ सदस्यांनी ठामपणे सांगितले की, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, म्हणजे अँड्रॉइड, कितीही हसला-रडला तरी त्याच्या भावना खोट्याच समजाव्यात, कारण त्या कोणीतरी त्याच्यात घातलेल्या असतात. मला हे मत अजिबात पटलेले नाही.

भय, भूक, अपत्यावरची माया यांपैकी काहीही आपण स्वतः निवडलेले नाही. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने ते आपल्यात रुजवले, आणि तरीही आईची माया खोटी आहे असे कोणी म्हणत नाही. तेव्हा भावना आली कोठून, हा प्रश्न मला गौण वाटतो. ज्याला ती होते त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे का, हे आधी पाहायला हवे.

कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यातले यंत्रमानव लोखंडाचे नाहीत, कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडवलेले आहेत. त्यांना वेदना होत नाही, त्यामुळे ते चालत्या यंत्रात हात घालतात, बोट मोडून घेतात, डोके फोडून घेतात, आणि कारखान्याचे नुकसान होते. म्हणून तिथला शास्त्रज्ञ त्यांना वेदना जाणवावी यासाठी प्रयोग करतो. हा प्रसंग मला नाटकातल्या पुढच्या बंडापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. हेतू निव्वळ हिशेबी आहे, पण ज्या क्षणी त्या देहाला दुखू लागते त्या क्षणी त्याला स्वतःचे असे काहीतरी मिळते, जे जपायचे असते. नाटकाच्या शेवटी दोन यंत्रमानवांपैकी एकाची चिरफाड करण्याची वेळ येते तेव्हा त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्याऐवजी स्वतः मरायला पुढे होतो. ही कृती जर प्रेमाची नसेल, तर माणसाच्या अशाच कृतीला प्रेम म्हणण्याचा आधार कोणता, हे विरोधकांनी सांगावे.

प्रतिसाद: हौशी रंगकर्मी, मंगळवार पेठ

आपण कृतीवरून भावनेचा निष्कर्ष काढला आहे, आणि रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथेच थांबावेसे वाटते. कृती घडवता येते. आम्ही रोज तेच करतो.

भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव वेगळे काढले आहेत: स्तंभ (अंग थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणे), वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). हात उगारणे, भुवई चढवणे हे सरावाने जमते, पण हे आठ भाव मन एकाग्र झाल्याशिवाय प्रकट होत नाहीत, मन दुसरीकडे असलेल्या नटाला ते साधत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन आहे. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेत उभे राहून मी हा फरक अनेकदा पाहिला आहे. ग्लिसरीन घातलेल्या डोळ्यांतून पाणी वाहते, प्रेक्षक हळहळतात, पण विंगेत दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या आम्हाला श्वास संथ चाललेला दिसतो. त्याच नटाचे मन ज्या रात्री भूमिकेत शिरते त्या रात्री पाठ असलेले वाक्य म्हणताना त्याचा गळा दाटतो, पुढचा शब्द उमटतच नाही, आणि समोरच्या नटाला वाट पाहावी लागते.

अँड्रॉइडच्या कातडीखाली घाम सोडणारी व्यवस्था बसवली तर स्वेद दिसेल, आवाज कापवणारी आज्ञावली लिहिली तर स्वरभेद ऐकू येईल. पण ज्या मनातून हे सारे आपसूक वर यावे लागते ते मन तिथे आहे, याचा पुरावा आपण दिलेला नाही. चापेक यांच्या नाटकातले ते दोघे मला हलवून जातात हे मी मान्य करतो, परंतु मला हलवणारा चापेक आहे.

प्रतिसाद: संगणकशास्त्राचे शिक्षक, सागरमाळ

रंगकर्मींशी मी सहमत आहे आणि त्यांच्या म्हणण्याला माझ्या विषयातली एक गोष्ट जोडतो. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' हा माणसाशी संवाद साधणारा संगणक प्रोग्राम जगापुढे मांडला. माणूस जे लिहील त्यातलेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचा, एवढेच त्याचे काम होते. तो घडताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी थोडे बोलल्यावर वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, कारण त्यांना एकांत हवा होता. समोरून सहानुभूती येत नव्हती. ती बाईंच्या मनातून तिकडे जात होती. विज्ञानकथा वाचताना आपलेही असेच होते, आणि शिवाय तिथे अँड्रॉइडच्या मनात काय चालले आहे हे सांगायला लेखक हजर असतो. प्रत्यक्षात असा सांगणारा कोणी नसेल.

प्रतिसाद: एक वाचक, शिवाजी पेठ

मी शास्त्राची किंवा नाटकाची जाणकार नाही, पण बाह्य खुणांवर इतका भार टाकला जात आहे म्हणून लिहिते. आमच्या आबांना पार्किन्सनचा आजार आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. तरुणपणी खासबागेत एकही मोठी कुस्ती न चुकवणारे आबा आता घरातल्या टीव्हीवर कुस्ती पाहतात. पैलवानाने घिस्सा डाव टाकला की बाकी सगळे ओरडतात, आबांचा चेहरा मात्र जराही हलत नाही. नवखा पाहुणा हमखास समजतो की यांना काही कळत नाही किंवा वाटत नाही. मी शेजारी बसते, तेव्हा माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांची पकड घट्ट झालेली मला जाणवते.

फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' या कादंबरीत माणूस आणि अँड्रॉइड वेगळे ओळखण्यासाठी एक चाचणी आहे. प्रश्न ऐकल्यावर चेहऱ्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या किती प्रसरण पावतात आणि डोळ्यांचे स्नायू किती ताणले जातात हे तीत मोजतात. म्हणजे एका अर्थी रंगकर्मींचे सात्त्विक भावच! आणि त्याच कादंबरीत ही शंकाही उपस्थित होते की, भावनिक प्रतिसाद क्षीण झालेली काही आजारी माणसे या चाचणीत नापास होतील आणि त्यांना अँड्रॉइड समजून मारले जाईल. ती पाने वाचताना मला आबांचा चेहरा आठवला आणि फार भीती वाटली. ज्याच्या खुणा दिसत नाहीत त्याला भावना नाहीत असे ठरवण्याची घाई माणसाच्या बाबतीतही घातक ठरते, मग अनोळखी देहाच्या बाबतीत आपण इतके निश्चिंत कसे?

प्रतिसाद: धागाकर्ता, राजारामपुरी

ताईंनी मांडलेला मुद्दा माझ्या बाजूचा आहे म्हणून नव्हे, तर तो अनुभवातून आला आहे म्हणून मला मोलाचा वाटतो.

डिक यांच्या कादंबरीबद्दल आणखी थोडे. तिथली चाचणी प्रामुख्याने सहानुभूती मोजते, आणि सहानुभूती नाही म्हणजे भावनाच नाहीत असा निष्कर्ष त्या जगातली माणसे काढतात. कोळ्याचे पाय कात्रीने एकेक करून कापणारी अँड्रॉइड त्यात आहे, हे खरे आहे आणि ते दृश्य अंगावर येते. परंतु नायकाची बकरी गच्चीवरून ढकलून देणारी रेचेल ही अँड्रॉइडही त्यातच आहे. त्या कृतीत करुणा नाही, पण मत्सर किंवा सूड नाही असे कोण म्हणेल? नुसती करुणा तपासून मन नाही असा निकाल दिला, तर आपल्या परंपरेतील क्रोध, भय, जुगुप्सा हे स्थायीभाव कोणत्या हिशेबात धरायचे?

याच कादंबरीवर आधारलेल्या १९८२ सालच्या 'ब्लेड रनर' या चित्रपटात हा विचार आणखी पुढे नेला आहे. काही वर्षे जगल्यावर या कृत्रिम माणसांत द्वेष, प्रेम, भय, मत्सर आपोआप निर्माण होतील अशी त्यांच्या निर्मात्यांना धास्ती वाटते, आणि म्हणून त्यांचे आयुष्य चार वर्षांपुरते मर्यादित केले जाते. इथे भावना 'घातलेली' नाही. ती जगण्यातून येते, आणि ती येईल या भीतीने आयुष्यच कापले जाते. संगणकशास्त्राच्या शिक्षकांना माझा प्रश्न आहे की, एलायझाला असे गमावण्यासारखे काय होते? काहीच नव्हते, म्हणून ते उदाहरण या पात्रांना लागू पडत नाही.

प्रतिसाद: हौशी रंगकर्मी, मंगळवार पेठ

ताईंच्या आबांचे उदाहरण वाचून मी बराच वेळ विचार केला. तरीही एक फरक उरतो. आबांची पकड घट्ट होते त्यामागे खासबागेतली तांबडी माती आहे, आणि ती पूर्वीची वर्षे ताईंना ठाऊक आहेत. 'ब्लेड रनर'मधल्या रेचेलला दिलेल्या आठवणी तिच्या निर्मात्याच्या पुतणीच्या आहेत. ज्या बालपणासाठी ती हळवी होते ते तिचे नव्हतेच.

दुसरे उदाहरण 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतल्या डेटा नावाच्या पात्राचे घ्या. या अँड्रॉइडला १९९४ सालच्या चित्रपटात भावनांची चिप मिळते, आणि १९९६ सालच्या चित्रपटात संकटाच्या तोंडावर चिंता दाटून आल्यावर तो ती चिप सरळ बंद करतो आणि शांत होतो. कळ दाबून जी मावळते ती चिंता त्याला भोगावी लागलीच नाही. भय खरे असेल तर ते आपल्या मर्जीने जात नाही, आपल्याला त्यातून जावे लागते. माझा आक्षेप इथे आहे आणि तो मी मागे घेत नाही.

प्रतिसाद: एक वाचक, शिवाजी पेठ

उधार आठवणींबद्दल मी एवढेच म्हणेन की, त्या आपल्या नाहीत हे कळल्यावर रेचेलच्या डोळ्यांत येणारे पाणी तिच्या स्वतःच्या आयुष्यातल्या घटनेवरचे आहे. ते दुःख पुतणीचे नाही.

कळ दाबण्याबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचे आहे. आबांच्या गोळीचा अंमल संपत आला की त्यांना अस्वस्थ वाटू लागते. नुसती थरथर वाढत नाही, जीव घाबरा होतो, ते मला खोलीबाहेर जाऊ देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की हाही या आजाराचाच भाग आहे. पुढची गोळी दिली की थोड्या वेळाने भीती ओसरते आणि ते पाणी मागतात, वर्तमानपत्र मागतात. गोळीने जाते आणि गोळी संपली की येते, म्हणून ती भीती खोटी होती असे मी कसे म्हणू? त्या अर्ध्या तासात माझा हात धरून बसलेला माणूस खरोखर घाबरलेला असतो. रंगकर्मींनी हे लक्षात घेऊन डेटाच्या चिपेबद्दल पुन्हा लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.